ओनाम्याची जन्मकथा

श्रोतेहो, एखाद्याने उतारवयात सतार हाती घेतली, की आपण कौतुकाने म्हणतो, 'यांनी सतारीचा ओनामा केला.' शब्द सहज ओठांवर येतो. पण तो आला कोठून असे विचारले, तर 'ॐ नमः शिवाय'चा अपभ्रंश, असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर अपुरे आहे. जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर पहिली अक्षरे गिरवी, तेव्हा त्याच्याकडून 'ओनामासीधं' असे घोकून घेत असत. शेवटचे ते 'सीधं' 'शिवाय'मधून निघत नाही. मूळ वचन 'ॐ नमः सिद्धम्' हे होय. पोरांच्या जिभेवर ते झिजले, त्याचे शेपूट गळाले आणि 'ओनामा' तेवढा उरला.

संस्कृतज्ञ येथे अडखळेल. 'नमः'पुढे चतुर्थी हवी. 'सिद्धाय' किंवा 'सिद्धेभ्यः' असावयास पाहिजे. माझ्या मते हे एक वाक्यच नव्हे. दोन मंगलशब्द शेजारीशेजारी ठेवलेले आहेत. त्यांतील 'सिद्धम्'चे वय फार मोठे. नाशिकच्या लेण्यांत सुमारे १९०० वर्षांपूर्वी नहपानाचा जावई उषवदात याने कोरविलेला लेख 'सिधं' या प्राकृत रूपानेच सुरू होतो. पुढे सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री हिच्या लेखात आपल्या पुत्राने नहपानाच्या क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे सांगितले आहे, आणि त्याही लेखाचा पहिला शब्द 'सिधं'च! घराणी हाडवैरी, पण आरंभाचा शब्द एक.

शर्ववर्म्याचे 'कातंत्र' व्याकरण नवशिक्यांना सुगम म्हणून प्रसिद्ध. त्याचे पहिले सूत्रही 'सिद्ध' शब्दानेच उघडते. त्याची कथा सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त आहे. जलक्रीडेत राणीने सातवाहन राजाला, पाणी उडवू नका, असे संस्कृतात विनविले. तिच्या बोलण्यातील 'मोदकैः' म्हणजे 'मा उदकैः' हा संधी राजाला उमगला नाही. त्याने खरोखरीच मोदक मागविले! राणी हसली, राजा ओशाळला. व्याकरण शिकविण्यास गुणाढ्याने सहा वर्षे मागितली, शर्ववर्म्याने सहा महिने. कथा ती कथाच. पण सातव्या शतकात येथे राहून गेलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो, की या देशातील मुले सहाव्या वर्षी 'सिद्धम्' नावाची पहिली पोथी घेतात आणि ती सहा महिन्यांत पुरी करतात. सहा महिन्यांचा हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

जैन बांधव या वचनाला सिद्धांचे वंदन मानतात. त्यांच्या परंपरेत ते योग्यच आहे. बौद्धांनी हेच नाव लिपीला देऊन चीन-जपानपर्यंत नेले. संस्कृत मंत्राक्षरांच्या त्या लिपीस जपानात 'शित्तन' म्हणतात. तेव्हा हा शब्द एकाच पंथाच्या नावे लिहून देणे मला पटत नाही.

हैदराबादच्या श्रोत्यांना तर साक्ष शोधण्यास दूर जावयास नको. शेजारच्या तेलुगू घरी मुळाक्षरांना 'ओनमालु' म्हणतात. आपल्याकडे शब्दाचा अर्थ 'आरंभ' झाला, तेथे 'अक्षरे' असाच राहिला. आणि तेथील मूल अक्षरारंभी जे परंपरागत वचन गिरवते, ते असे : 'ॐ नमः शिवाय सिद्धं नमः'. शिव आणि सिद्ध एकाच पाटीवर! म्हणजे प्रारंभी ज्यांचे उत्तर मी अपुरे म्हटले, ते सर्वस्वी चुकले होते असे नाही.