जंतू नसलेली साथ : यवतमाळ, २०१७

साथ म्हटलं की पटकी, प्लेग, देवी किंवा कोरोना आठवतो. पण साथ फक्त जंतूंचीच असते असं नाही. एका भागात, थोड्या दिवसांत, नेहमीपेक्षा जास्त माणसं एकाच तक्रारीनं आजारी पडली, की ती साथच. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यानं अशी साथ पाहिली. उलट्या, अंधूक दिसणं, श्वास अडणं अशा तक्रारी घेऊन शेतकरी आणि शेतमजूर दवाखान्यात येऊ लागले. शेकडो दाखल झाले, सुमारे वीस जण दगावले. सगळ्यांत समान गोष्ट एकच होती : कपाशीवरची फवारणी.

हे विष आलं कुठून?

१९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ट श्राडर हा रसायनतज्ज्ञ कीड मारणारी रसायनं शोधत होता. त्यातून ऑर्गॅनोफॉस्फेट गटाची कीटकनाशकं निघाली, आणि ‘टाबुन’ हा युद्धातला विषारी वायूही. म्हणजे शेतातलं ‘औषध’ आणि रणांगणातलं विष ही एकाच घराण्यातली भावंडं.

भारताला त्याचा मोठा फटका १९५८ मध्ये केरळात बसला. पॅराथिऑन सांडून दूषित झालेलं धान्य-पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसं गेली. त्यानंतरच १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण हा याच कायद्याखालच्या नियमांचा भाग. लाल म्हणजे सर्वांत जहाल.

शरीरात काय होतं?

नसेकडून स्नायूला निरोप देणारं रसायन काम झाल्यावर लगेच पुसलं जावं लागतं. ते पुसणारं एन्झाइम, म्हणजे कोलिनएस्टरेज, हे विष बंद पाडतं. निरोप थांबतच नाही. मग लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, छातीत कफ दाटतो आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

यावरचा मुख्य उतारा, अॅट्रोपिन, एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. आपल्या धोतऱ्यातही ते असतं. पण म्हणून धोतरा खाऊ नका, तोही विषारीच. पुढे १९५० च्या दशकात प्रॅलिडॉक्सिम आलं. मात्र हे उतारे सगळ्याच विषांवर चालत नाहीत. इतर अनेक कीटकनाशकांना उतारा नाही. तिथे लक्षणांवर उपचार करून श्वास सांभाळावा लागतो.

मग माणसं का गेली?

त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. फवारा तोंडावर, अंगावर येत होता. दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. ओले कपडे दिवसभर अंगावर राहत, आणि कातडीतूनही विष शरीरात जातं. अनेकांना हातमोजे, मास्क मिळालेच नव्हते. औषधशास्त्र पुढे गेलं होतं, धुऱ्यापर्यंत मात्र पोचलं नव्हतं.

तुम्ही काय कराल?

वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं आणि रिकाम्या पोटी फवारू नका. मजुराला मास्क, हातमोजे द्या. मळमळ किंवा अंधूक दिसणं सुरू होताच काम थांबवा, कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि १०८ ला फोन करा. उलटी मुद्दाम काढू नका. औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या. कोणता उतारा द्यायचा, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं. ‘थोडं झोपलो की बरं वाटेल’ म्हणून घरी थांबू नका. या विषात गेलेला वेळ भरून निघत नाही.