वारसाघरातील मुक्काम (नृसिंहवाडी)

मूळ बांधणी राखून दुरुस्त केलेल्या जुन्या घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना सुट्टीच्या मुक्कामासाठी द्यायच्या, या व्यवस्थेला वारसाघरातील मुक्काम म्हणता येईल. महाराष्ट्रात ती लोकांना माहीत आहे ती मुख्यतः गढ्या आणि राजवाड्यांमुळे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडीत मात्र तिचे फार जुने आणि साधे रूप सापडते. पुजाऱ्यांच्या घरी उतरणे, एवढेच ते.

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरचे हे दत्तक्षेत्र. नरसोबाची वाडी, किंवा नुसतीच वाडी, म्हणून ते सगळ्या दक्षिण महाराष्ट्राला आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकाला परिचित आहे. दत्तावतार मानल्या जाणाऱ्या श्रीनृसिंहसरस्वतींचे येथे १२ वर्षे वास्तव्य होते अशी श्रद्धा असून देवळात मूर्तीऐवजी मनोहर पादुकांची पूजा होते. पुजारी घराणी आपली परंपरा शेजारच्या आलास गावच्या भैरंभटांपर्यंत नेतात. वाडीला गेल्यावर कोणाकडे उतरायचे, हे अनेक कुटुंबांत पिढ्यान्पिढ्या ठरलेले असे. सोप्यात वळकट्या टाकायच्या, घाटावर स्नान करायचे, अभिषेकाचे यजमानांवर सोपवायचे आणि दुपारी त्यांच्याच पंगतीला बसायचे. भक्तनिवास आणि लॉज आले तशी ही रीत मागे पडत गेली, पण ती संपली नाही. घर ज्यांचे, ते त्याच घरात राहतात आणि पाहुण्याचे हवे-नको स्वतः पाहतात. वारसाघराच्या मुक्कामाचा जीव इथेच आहे.

या भागातले जुने घर म्हणजे दिंडी दरवाजा, सोपा, माजघर, देवघर आणि मागे परडे. ऐपत असेल तर मध्ये चौक. जाड भिंती विटांच्या किंवा मातीच्या भेंड्यांच्या, खांब-तुळया लाकडाच्या, वर माळा आणि कौले. जाड भिंत दिवसाचे ऊन उशिरा आत सोडते आणि चौकातून गरम हवा वर निघून जाते, म्हणून एप्रिलच्या दुपारीही माजघर सुसह्य राहते. अशा घरात पाहुणे ठेवायचे तर खरी अडचण येते ती न्हाणीघर आणि संडासाची. माजघराची भिंत फोडून नळ आत नेले की ओल कायमची मुक्कामाला येते. परड्याच्या बाजूला स्वतंत्र बांधकाम करून ते झाकलेल्या वाटेने घराशी जोडणे हा शहाणपणाचा मार्ग.

नृसिंहवाडीत जुन्या घराची परीक्षा घेते ती नदी. पावसाळ्यात पाणी चढले की देवळातली उत्सवमूर्ती घाटावरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. पुराचे पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि त्या प्रवाहात स्नान करायला भाविक दुरून येतात. गावाला पाण्याची सवय आहे. तरीही २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ही सवय अपुरी ठरवली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे रिकामी करावी लागली.

असे पाणी काही दिवस भिंतीशी उभे राहिले की माती मऊ पडते, भेंडे पायाकडून ढासळू लागतात आणि पाण्याबरोबर चढलेले क्षार गिलाव्याला पोपडे आणतात. पूर ओसरल्यावर घाईने सिमेंटचा गिलावा मारण्याकडे बहुतेकांचा कल असतो. तो चुकीचा आहे, आणि हे ठामपणे सांगायला हवे. सिमेंट भिंतीतली ओल आत कोंडते; बाहेरून घर नवे दिसते आणि आतून भिंत कुजत राहते. चुन्याचा गिलावा ती ओल हळूहळू बाहेर सोडतो. चुना भिजवून, घाण्यात मळून, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालण्याची जुनी पद्धत होती. गुळासाठी नाव असलेल्या या जिल्ह्यात त्या साहित्याची वाण पडू नये. दुर्मीळ आहे तो चुन्याचे काम जाणणारा गवंडी. भिंती आठवडाभर नव्हे तर महिनोन् महिने वाळू द्याव्या लागतात, आणि तेवढ्या काळात खोली भाड्याने देता येत नाही. हा तोटा हिशेबात धरूनच वारसाघर चालवावे लागते. धान्य, अंथरुणे, कागदपत्रे माळ्यावर चढवण्याची सोय आणि तळमजल्यावर धुऊन काढता येईल अशी फरशी, या दोन गोष्टी येथे शोभेच्या नक्षीपेक्षा मोलाच्या.

इतरत्र हा व्यवसाय वेगळ्या वाटेने वाढला. ब्रिटनमध्ये १९६५ साली स्थापन झालेल्या लँडमार्क ट्रस्टने पडीक वास्तू दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्याने देण्याचा पायंडा पाडला. भारतात राजस्थानातला नीमराणाचा किल्ला १९८६ मध्ये विकत घेतला गेला आणि १९९१ मध्ये पाहुण्यांसाठी उघडला. कोल्हापुरात रंकाळ्याकाठी १९३१ ते १९३४ दरम्यान बांधलेल्या शालिनी पॅलेसचे १९८७ मध्ये हॉटेल झाले. सासवडच्या वाटेवर पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेली गढी आज फोर्ट जाधवगड नावाने चालते. पणजीच्या मळा-फोंतेन्हास भागातले पंजिम इन हे वाडीला अधिक जवळचे उदाहरण, कारण ते राजवाड्यात नव्हे तर गल्लीतल्या जुन्या घरात उभे राहिले. सावंतवाडीच्या राजवाड्याने गंजिफा कलेला मुक्कामाशी जोडले आणि तिथल्या कारागिरांच्या कामाला पाहुणा मिळवून दिला.

केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत १ ते ६ खोल्यांच्या घराची नोंदणी होते आणि मालकाने त्याच घरात राहणे बंधनकारक असते. वाडीतल्या घरांना ही अट मुळातच जमते. अडते ते वाटण्यांपाशी. एकाच घराचे अनेक हिस्सेदार असतात, काही पुण्या-मुंबईला असतात, आणि कौले बदलायची तरी सर्वांची संमती लागते. ती मिळेपर्यंत एखादा पावसाळा आणखी जातो. पडलेल्या घराच्या जागी मग काँक्रीटचे खोके उभे राहते, ज्यात कोणाला मुद्दाम येऊन राहावेसे वाटत नाही.

पाहुण्याच्या दृष्टीने येथला दिवस देवळाच्या वेळेवर चालतो. पहाटे काकड आरती, दुपारी महापूजा, रात्री शेजारती. बाजारात पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी. नदीपलीकडे कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव. औरवाडला अमरेश्वराचे देऊळ. आणि तालुक्याच्या पूर्व टोकाला खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर, ज्याचा ४८ खांबांचा स्वर्गमंडप वर आभाळाला उघडा आहे. जवळचे रेल्वे स्थानक जयसिंगपूर. दत्तजयंती, गुरुद्वादशी आणि पौर्णिमेला गावात जागा मिळणे कठीण असते. गुरू कन्या राशीत आला की दर १२ वर्षांनी कन्यागत पर्व भरते. मागचे २०१६ मध्ये झाले. निवांत राहायचे असेल तर दिवाळीनंतर, गर्दीच्या तिथी टाळून यावे. तेव्हा नदी पात्रात परतलेली असते आणि घरांच्या भिंतीही बऱ्यापैकी वाळलेल्या असतात.