नळी कधी काढणार?

हॉस्पिटलात कुणाला भेटायला गेलं की नाकात नळी घातलेला एक तरी पेशंट दिसतोच. राईल्स ट्यूब! गंमत म्हणजे जॉन राईल या इंग्लिश डॉक्टरने १९२१ साली ही नळी आणली ती पेशंटला भरवायला नव्हे, तर पोटातला रस बाहेर काढून तपासायला. नळीने भरवायची कल्पना त्याहून बरीच जुनी.

१७९० च्या सुमारास लंडनमध्ये जॉन हंटर नावाचा एक खटपट्या सर्जन होता. त्याच्या एका पेशंटचे गिळायचे स्नायूच लुळे पडले होते. भूक आहे, अन्न आहे, मधला रस्ता बंद! हंटरने देवमाशाच्या तोंडातली लवचिक पट्टी घेतली, तिच्यावर ईलची (वामसारखा लांबुळका मासा) ताजी कातडी मोज्यासारखी चढवली आणि वरच्या टोकाला जनावराच्या मूत्राशयाची पिशवी बांधली. त्यातून फेटलेली अंडी, दूध, साखर, औषधं थेट पोटात. काही आठवड्यांनी माणूस स्वतः गिळू लागला आणि नळी सुटली.

मोठी उडी १९७९ ची. तोवर पोटातून नळी बसवायची तर पोट उघडावं लागे. अमेरिकेत क्लीव्हलंडला गॉडरर आणि पोन्स्की या डॉक्टरांनी एका तान्ह्या बाळाच्या तोंडातून दुर्बीण आत सोडली, तिचा उजेड पोटाच्या कातडीतून दिसला तिथे बारीकसा छेद घेतला आणि नळी बसवली. हीच ती 'पेग'.

पण काम सोपं झालं की ते जरा जास्तच होतं. १९९९ साली खुद्द गॉडररनेच तसा इशारा दिला. पक्षाघातात किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये नळी जीव वाचवते, यात वादच नाही. पण शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. म्हणून अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली सांगितलं, तिथे नळी नको, हाताने सावकाश भरवा.

आमच्या धंद्यात 'टेम्पररी फिक्स' काढायचं कुणी ठरवलंच नाही, तर तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. नळीचंही तेच. घरात वेळ आली तर डॉक्टरांना जरूर विचारा, ही कशासाठी आणि काढणार कधी? उत्तर 'कधीच नाही' असलं तरी चालेल, पण ते ठरवून असावं. आणि आईबाबांना काय हवंय, हे ते बोलू शकतात तोवरच विचारून ठेवा.