बिननकलेचा हुजऱ्या

नाटक कंपनीत नटाला त्याच्या वाट्याची भाषणं कागदावर उतरवून देत. त्या कागदाला म्हणत नक्कल. आमच्या आबांना कंपनीत गेल्यावर पहिले दोन महिने नक्कल मिळालीच नाही.

आमच्या गावी, खर्ड्यात, ते जत्रेतले हुकमी नट. बैलगाड्या जोडून वर फळ्या, डोक्यावर गॅसबत्ती, आणि आवाज पार शेवटच्या माणसापर्यंत जायचा. त्यात शेवगावात जन्मलेले गणपतराव बोडस १८९५ साली किर्लोस्कर मंडळीत गेले, ही गोष्ट गावातली जाणती माणसं अभिमानानं सांगत. आपल्या नगर जिल्ह्याचा माणूस! विसाव्या वर्षी आबाही निघाले.

कंपनी खाडिलकरांचं ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ बसवत होती. आबांना वाटलं, हे तर आपलंच. ११ मार्च १७९५ची सवाई माधवराव पेशव्यांची निजामाशी लढाई आपल्या शिवारातली. निजाम अली मागं हटून निंबाळकरांच्या भुईकोटात शिरला, कोंडला गेला आणि तीन कोटींची खंडणी नि दौलताबाद कबूल करून सुटला. आबांची आजी सांगायची, आत पाणी संपलं तेव्हा लोटाभर पाण्यासाठी माणसं अंगावरचं सोनं उतरवत होती. हे ऐकत वाढलेल्या पोराच्या वाट्याला आली हुजऱ्याची चवरी.

पहिल्या तालमीचा प्रसंग आबा उठून करून दाखवत. छाती काढून, नजर समोर लावून ते उभे. तालीममास्तरांनी तालीम थांबवली.

“कुठले तुम्ही?”

“खर्ड्याचा.”

“मग राव तुम्हाला ठाऊक हवेत. मार्चात तुमच्या गावी लढाई जिंकली, ऑक्टोबरात वाड्याच्या माडीवरून पडून गेले. एकवीस वर्षांचं पोर. तुम्ही अष्टौप्रहर त्यांच्या हाताशी, आणि तुमचं लक्ष खुर्च्यांकडे?”

गावात लढाई सगळ्यांना तोंडपाठ होती. जिंकलेल्या पोराचं पुढं काय झालं, ते कुणाच्याच गोष्टीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आबा रावांकडेच बघू लागले. रावांचं काम करणाऱ्या नटाचा श्वास अडखळला की हातातली चवरी आपसूक थांबायची. मास्तरांनी ते हेरलं आणि ती जागा कायम केली. हीच आपली पहिली नक्कल, असं आबा म्हणत. मला ते पुरेपूर पटतं. खाडिलकरांचा राव हॅम्लेटच्या जातीचा, आतल्या आत कोंडलेला. ती घुसमट ओळखणारं एखादं माणूस शेजारी असलं की प्रेक्षकालाही ती दिसते.

कंपनी फार टिकली नाही. १९३२ साली मराठी बोलपट आला, थिएटरं तिकडे वळली. काही महिन्यांचा पगार बुडवून घेऊन आबा शेतीवर परतले.

लहानपणी त्यांनी मला किल्ला दाखवायला नेलं. निजाम कुठून आत आला, मी विचारलं. त्यांनी दरवाजाकडे बोट केलं. मग बुरुजावरून माळाकडे बराच वेळ बघत राहिले.

“राव त्या अंगाला असतील,” ते म्हणाले. “एकविसावं चालू होतं रे तेव्हा.”

आणि त्यांचा उजवा हात, चवरी धरल्यासारखा, अर्धा वर येऊन थांबला.