मधले न गाळता

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत भाषेच्या तासाला ‘बुलंद ख्वानी’ होते. बुलंद ख्वानी म्हणजे मोठ्याने वाचणे. एक मूल उभे राहून धडा वाचते आणि बाकीची मुले पुस्तकात बोट ठेवून ऐकतात. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला फारच कमी दिसते. तिच्यापुढेही पुस्तक उघडे असते, पण तिचे सारे शिक्षण कानांवर चालते. एकदा मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण तिला मुलांच्या मासिकातली गोष्ट वाचून दाखवत होती. कंटाळा आला म्हणून तिने अर्धे पान सोडले आणि पुढे वाचू लागली. ही मुलगी ताडकन माझ्याकडे वळली, “सर, इसने बीच का छोड़ दिया!” मैत्रीण म्हणाली, त्यात काही खास नव्हते. त्यावर हिचे उत्तर होते, “ते मला ऐकू तर दे.”

दोन मुलींचे भांडण मी मिटवले, पण ते वाक्य डोक्यातून गेले नाही. जो स्वतः वाचू शकत नाही, त्याला दुसऱ्याच्या तोंडून किती मिळावे? सारे, की वाचणाऱ्याला खास वाटेल तेवढेच? साप्ताहिकांच्या श्राव्य आवृत्तीचा इतिहास मी या प्रश्नाच्या आधाराने वाचू लागलो, तेव्हा तो केवळ यंत्रांचा इतिहास राहिला नाही.

लंडनच्या ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाने जुलै २००७ मध्ये आपल्या अंकाची श्राव्य आवृत्ती सुरू केली. हे साप्ताहिक १८४३ सालचे. त्याचा संस्थापक जेम्स विल्सन हा स्कॉटलंडमधला, टोप्यांचा व्यवसाय करणारा गृहस्थ. धान्याच्या आयातीवर जकात लावणारे इंग्लंडचे कायदे रद्द व्हावेत, खुला व्यापार व्हावा, यासाठी त्याने हे पत्र काढले. याच विल्सनला पुढे १८५९ मध्ये हिंदुस्थान सरकारचा अर्थखात्याचा सभासद म्हणून इकडे पाठवले गेले. १८६० मध्ये त्याने या देशात आयकर आणला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमांशाने कलकत्त्यात त्याचे निधन झाले. आम्हा शिक्षकांच्या पगारातून जो कर कापला जातो, त्याचे मूळ असे एका साप्ताहिकाच्या संस्थापकापर्यंत जाते.

पण अखबार मोठ्याने वाचून दाखवण्याची परंपरा काही लंडनमध्ये जन्मली नाही. तिचे एक ठळक पान क्युबात आहे. हवाना शहरातल्या सिगारच्या कारखान्यांत शेकडो कामगार ओळीने बसून तंबाखूची पाने वळत. हात गुंतलेले, कान रिकामे. १८६५ मध्ये सातुर्निनो मार्तिनेझ या सिगार कामगाराने ‘ला औरोरा’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. ‘औरोरा’ म्हणजे पहाट. कामगारांचे हे पत्र, पण बहुसंख्य कामगारांना वाचता येत नव्हते. मग उपाय निघाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘एल फिगारो’ या कारखान्यात एक जण उंच जागी बसून इतरांना वाचून दाखवू लागला. त्याची मजुरी कामगारांनी आपल्या कमाईतून भरली. थोड्याच दिवसांत ही पद्धत इतर कारखान्यांत पसरली. या वाचणाऱ्याला ‘लेक्तोर’ म्हणत.

सरकारला याची भीती किती वाटावी? मे १८६६ मध्ये, म्हणजे अवघ्या काही महिन्यांत, क्युबाच्या स्पॅनिश गव्हर्नरने या वाचनावर बंदी घातली. निरक्षर माणूस नुसता ऐकतो, त्याला काय कळते, असे आपण सहज म्हणतो. पण राज्यकर्त्यांना ते तसे वाटले नव्हते. बंदी पुढे टिकली नाही. क्युबाचे कामगार अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतात गेले तेव्हा आपला वाचकही बरोबर घेऊन गेले.

इथे मला माझे वालिद आठवतात. ते यंत्रमागावर काम करत. हातांना काम आणि कान रिकामे, हे सुख सिगार वळणाऱ्याला होते, बिडी वळणाऱ्यालाही असेल. मागाच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणेसुद्धा ऐकू येत नाही. त्यामुळे वालिदांचा अखबार पाळी सुटल्यावर चहाच्या हॉटेलात वाचला जाई. वाचणारा एकच, ऐकणारे दहा. कशावर थांबायचे आणि कोणते पान उलटायचे ते तोच ठरवी. वालिद म्हणत, “त्याला जे आवडेल, तेवढाच आमचा अखबार.” हवानाचे कामगार याबाबतीत एक पाऊल पुढे होते. वाचणाऱ्याला पैसे तेच देत, म्हणून काय वाचायचे यातही त्यांचा शब्द चाले.

१९३१ या एका वर्षात या गोष्टीला दोन वळणे मिळाली. फ्लोरिडातल्या टँपा शहरात कारखानदारांनी लेक्तोरांना काढून टाकले. हे लोक कामगारांना भडकावतात, असा आरोप होता. कामगारांनी संप केला, पण लेक्तोर परत आले नाहीत. त्यांच्या जागी पुढे रेडिओ आले. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाने ‘मार्च ऑफ टाइम’ हा कार्यक्रम रेडिओवर सुरू केला. आठवड्याच्या घडामोडी त्यात नट मंडळी नाटकासारख्या सादर करत, पुढाऱ्यांच्या आवाजाची नक्कलही करत. कार्यक्रम गाजला. पण तो साप्ताहिकाचा अंक नव्हता. अंकातून निवडलेला मसाला होता. आवाज घरोघर पोहोचला, मधले मात्र गाळले गेले.

ते गाळलेले परत मिळवून दिले अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९३४ मध्ये अंधांसाठी बोलकी पुस्तके सुरू केली. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमध्येही ती आली. तिथे या कामात पुढाकार घेणारे इयन फ्रेझर हे स्वतः १९१६ च्या सोमच्या लढाईत दृष्टी गमावलेले होते. या तबकड्या सावकाश फिरत, अमेरिकेतल्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण पंधरा मिनिटांचे वाचन मावे. डोळस लोकांच्या बाजारात अशी लांब चालणारी तबकडी १९४८ मध्ये आली. म्हणजे गाण्याच्या शौकिनांना जे पुढे मिळाले, ते अंध वाचकांकडे चौदा वर्षे आधी होते.

पुस्तक उशिरा मिळाले तरी बिघडत नाही. साप्ताहिकाचे तसे नसते. पुढचा अंक आला की मागचा शिळा. म्हणून अमेरिकेतल्या लुईव्हिल इथल्या ‘अमेरिकन प्रिंटिंग हाऊस फॉर द ब्लाइंड’ या संस्थेने १९५९ मध्ये ‘न्यूजवीक’ हे साप्ताहिक तबकड्यांवर आणले, ही मला मोठी गोष्ट वाटते. अंक वाचायचा, ध्वनिमुद्रित करायचा, तबकड्या काढायच्या आणि टपालाने घरोघर पाठवायच्या, हे सारे दर आठवड्याला. पुढे कॅसेट आली आणि काम सोपे झाले. १९७० नंतर इंग्लंडच्या गावागावांत स्वयंसेवक स्थानिक वर्तमानपत्रे कॅसेटवर वाचून अंधांना पाठवू लागले.

‘इकॉनॉमिस्ट’ची २००७ ची आवृत्ती या रांगेत उभी आहे. फरक इतकाच की ती डोळस, धावपळीत असलेल्या वर्गणीदारासाठी निघाली. तोवर २००१ चा आयपॉड खिशात आला होता आणि पॉडकास्ट हा शब्द रुळू लागला होता. पण पॉडकास्ट म्हणजे गप्पा किंवा सारांश. या साप्ताहिकाने तसे न करता लेख शब्दशः वाचले. व्यावसायिक वृत्तनिवेदकांनी वाचलेले, विभागवार तुकडे केलेले, सुमारे आठ तासांचे ध्वनिमुद्रण वर्गणीदाराला इंटरनेटवरून उतरवून घेता येऊ लागले. तक्ते आणि आलेख कानाला देता येत नाहीत, ती उणीव राहिलीच. एक गंमतही झाली. या साप्ताहिकात लेखाखाली लेखकाचे नाव नसते. ज्या मजकुराला नाव नव्हते त्याला आता आवाज मिळाला, पण तोही लिहिणाऱ्याचा नाही, वाचणाऱ्याचा!

बी.एड. करत असताना एका मित्राच्या मोबाईलवर मी ही आवृत्ती प्रथम ऐकली. अर्धे कळत नव्हते. पण न कळणारे वाक्यही तिथे पूर्ण होते. मला झेपेल तेवढेच काढून कुणी दिले नव्हते. कळले नाही तर मागे जाऊन पुन्हा ऐकण्याची सोय होती, आणि नको तर पुढे जाण्याचा अधिकार माझा होता. वालिदांना हॉटेलात हा अधिकार कधी मिळाला नाही.

आता तर संगणकाचा आवाज मजकूर वाचून देतो. त्याला थकवा नाही, कंटाळा नाही, म्हणून तो मधले गाळत नाही. त्याचा उच्चार कधी अडखळतो, विशेषतः आपल्या भाषांत. तरी त्याचे स्वागतच करायला हवे. मात्र याच यंत्राकडे लोक आता सारांशही मागू लागले आहेत. ज्यांना डोळे आहेत, त्यांना सारांशावरून मूळ लेखाकडे जाता येते. ज्याच्यापाशी कानच आहेत, त्याच्या हाती सारांशच उरला, तर आपण पुन्हा चहाच्या हॉटेलात येऊन बसलो असे होईल.

आमच्या वर्गात आता एक नियम केला आहे. त्या मुलीला वाचून दाखवणाऱ्याने आधी पाने मोजायची आणि शेवटपर्यंत वाचायचे. थांबायचे असेल तर ती सांगेल. गेल्या आठवड्यात तिने पहिल्यांदाच सांगितले, “बस, ही गोष्ट रटाळ आहे, दुसरी वाच.” मैत्रिणीने निमूटपणे पान उलटले.