घरपट्टी ठरवणाऱ्याचं शिक्षण किती?

पोस्ट लांब आहे. पण घरपट्टीची आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचाल अशी खात्री आहे.

आमच्या गल्लीत फेरआकारणीच्या नोटिसा आल्यात. माझ्या नोटिशीत मागची पत्र्याची शेड चक्क आरसीसी बांधकाम म्हणून धरली आहे. मोजायला दोन पोरं टेप घेऊन आली होती, पाच मिनिटांत गेली. चौकातल्या टपरीवर विषय निघाला तेव्हा एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "पत्रकार, ह्या मोजणाऱ्यांचं शिक्षण काय ते तरी विचारा." मी तावातावाने लिहूनही टाकलं, की आकारणी करणाऱ्याला परीक्षा सक्तीची करा.

त्या रात्री सॅन होजेच्या मावसभावाचा फोन आला. तो हसला. म्हणाला, "दादा, आमच्याकडे घरांची किंमत ठरवणारा साहेब निवडणुकीत मतं मागतो. आणि त्याला परीक्षाही असते. तरी भांडणं आहेतच."

मग मी त्याचा इतिहास खोदायला बसलो. जे सापडलं त्याने माझंच मत थोडं हललं. ते तुमच्यासमोर ठेवतो.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत 'असेसर' हे लोकांनी निवडून द्यायचं पद आहे. कराचा दर तो ठरवत नाही. तुमच्या घराची, दुकानाची, जमिनीची किंमत किती धरायची, एवढंच त्याचं काम. पण सगळी मेख तिथेच असते हे आपल्यालाही माहीत आहे. दर सगळ्यांना सारखाच असतो. किंमत कमी धरली की कर आपोआप कमी.

साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोचे असेसर होते रसेल वोल्डन. वर्षानुवर्षं निवडून येणारा माणूस. कायदा सांगत होता की मालमत्ता पूर्ण बाजारभावाने धरा. प्रत्यक्षात राज्यभर असेसर मंडळी भावाचा काही हिस्साच धरत, आणि तो हिस्सा सगळ्यांना सारखा नसे. सॅन फ्रान्सिस्कोत राहती घरं फार कमी किमतीला धरली जात, व्यापारी मालमत्ता त्यापेक्षा बरीच जास्त. घरवाले खूश, कारण मतं त्यांची. व्यापाऱ्यांना मात्र आपला आकडा खाली आणायचा तर एका कर सल्लागाराचं दार ठोठवावं लागे. सल्लागाराच्या फीमधला वाटा असेसरकडे पोचत होता.

१९६५ मध्ये त्या सल्लागाराच्याच कचेरीतल्या एका माणसाने कागदपत्रं उचलली आणि 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'ला दिली. बातमी फुटली. पुढच्या वर्षी वोल्डन लाचखोरीत दोषी ठरले. कॅलिफोर्नियातल्या इतर काही काउंट्यांमध्येही अशीच दुर्गंधी बाहेर आली.

राज्याने १९६६ मध्ये कायदा केला. तो 'एबी ८०' नावाने ओळखला जातो. यापुढे घर असो की कारखाना, सगळ्यांची आकारणी बाजारभावाच्या २५ टक्क्यांवर. मर्जी संपली, सूत्र आलं. त्याच सुधारणांच्या लाटेत मालमत्तेचं मूल्यमापन करणाऱ्यांना राज्याचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. परीक्षा द्या, पास व्हा, मगच घराची किंमत लावा. पुढे ही अट निवडून आलेल्या असेसरलाही लागू झाली. आज तिथे जिंकून आलेल्याकडे प्रमाणपत्र नसेल तर तात्पुरतं घेऊन काम सुरू करता येतं, पण मुदतीत परीक्षा पास व्हावंच लागतं.

इलिनॉय राज्य तर आणखी पुढे गेलं. तिथल्या टाउनशिप असेसरला आधी ठरलेली व्यावसायिक पात्रता मिळवावी लागते, त्याशिवाय उमेदवारी अर्जच भरता येत नाही. म्हणजे आपल्याकडे उमेदवार अर्जाला थकबाकी नसल्याचा दाखला जोडतो ना, तसा तिथे शिक्षणाचा दाखला.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, आपले गुरुजी बरोबरच होते. पण गोष्ट इथे संपत नाही.

समजा, सॅन फ्रान्सिस्कोतलं एक घर २०,००० डॉलरचं. (हा आकडा माझा, फक्त समजण्यापुरता.) जुना असेसर ते १० टक्क्यांवर धरत असेल तर कागदावर किंमत २,०००. नवा, प्रामाणिक, परीक्षा पास झालेला माणूस ते कायद्याप्रमाणे २५ टक्क्यांवर धरणार, म्हणजे ५,०००. दर थोडा उतरला तरी घरवाल्याचं बिल वाढणारच. आणि वर्षानुवर्षं जास्त भरणाऱ्या व्यापाऱ्यांचं कमी होणार. गडबड बंद झाली आणि सामान्य माणसाचा कर वाढला! तो लाचखोर असेसरच परत आणा, अशी स्टिकरं तेव्हा गाड्यांवर लागली होती असं सांगतात.

त्यात सत्तरच्या दशकात घरांचे भाव भडकले. नव्या पद्धतीत भाव वाढला की आकारणी मुकाट मागे जाणार. पूर्वीचा असेसर मतांसाठी का होईना, आकडा दाबून ठेवायचा. आता दाबायला वाव नव्हता. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना आपल्याच घराचा कर झेपेना. याच रागातून हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी 'प्रपोझिशन १३' आणलं. ६ जून १९७८ ला जवळपास ६५ टक्के मतांनी ते मंजूर झालं. कर किमतीच्या १ टक्क्यापेक्षा जास्त नाही, आकारणी १९७५ च्या भावावर, आणि वर्षाला फार तर २ टक्के वाढ. घर विकलं गेलं की मात्र नव्या भावाने आकारणी.

त्याचा परिणाम आज माझा मावसभाऊ भोगतोय. शेजारच्या आजी पन्नास वर्षांपासून तिथे राहतात. घर तेवढंच, रस्ता तोच, कर मात्र त्यांच्या कितीतरी पट माझ्या भावाला. असेसर शिकलेला आहे, प्रामाणिक आहे, गणित अचूक आहे. पण सूत्रच तसं आहे.

आता आपल्याकडे या. नगरपालिकेत आकारणी करणारा निवडून येत नाही. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे दर चार वर्षांनी तरी नवी आकारणी यादी करायची असते आणि त्यात नगररचना व मूल्यनिर्धारण विभागाच्या अधिकाऱ्याची भूमिका असते. म्हणजे शिकलेला माणूस आपल्या कायद्यातही आहे. तरी माझी पत्र्याची शेड आरसीसी झालीच. कारण साहेब यादी तपासतो, शेड बघत नाही. शेड बघणाऱ्या पोराला कोण तपासतं?

म्हणून माझं मागचं लिहिणं मी अर्धं मागे घेतो. परीक्षा हवीच. टेप धरणाऱ्यालाही पत्रा आणि स्लॅब यातला फरक कळला पाहिजे. पण वोल्डनना त्यांचं काम येत नव्हतं म्हणून घोटाळा झाला नाही. शेजाऱ्याचा आकडा शेजाऱ्याला ठाऊक नव्हता, म्हणून तो इतकी वर्षं चालला. कागद बाहेर आले आणि वर्षभरात सगळं कोसळलं.

आपल्याकडे कागद बाहेर यायला कुणी चोरायची गरज नाही. आकारणी यादी बघण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि हरकत घ्यायलाही मुदत असते. पण आपण फक्त आपला आकडा बघतो, शिव्या देतो आणि घरी येतो. मी काल जाऊन माझ्या ओळीसोबत वरच्या-खालच्या दहा ओळी वाचल्या. तेवढ्याच बांधकामाचे तीन वेगवेगळे आकडे दिसले. एक तर माझ्यापेक्षा मोठं, दुमजली घर, आणि करयोग्य मूल्य माझ्यापेक्षा कमी!

हरकत अर्ज मी आज दिला, पोच घेतली. तुमचा अर्ज लिहायचा असेल तर संध्याकाळी सहानंतर टपरीवर या, मिळून लिहू. येताना नोटीस आणि घराची मापं आणा. गुरुजीही येणार आहेत.