नेलगन ठेवायची कुठे? हजार वर्षांचा एक प्रश्न

मंडळी, या वीकेंडचा विषय वाचून काहींच्या कपाळावर आठ्या पडतील. हवेच्या दाबावर चालणारी नेलगन (खिळे मारायची बंदूक म्हणा हवं तर) घरच्या वर्कशॉपमध्ये नीट ठेवायची कशी? अमेरिकेत गॅरेजमध्ये सुतारकाम करणारे हौशी लोक यावर तासन्‌तास बोलू शकतात. तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण यात इतिहास कुठला आला?

आला ना! हत्यार ठेवायची प्रत्येक पद्धत हे कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असतं आणि ते प्रश्न काळाप्रमाणे बदलत गेले. नेलगनने त्यात एक असा प्रश्न आणून ठेवला जो जुन्या सुतारांना कधी पडलाच नव्हता. त्याचं उत्तर चुकलं तर नुसता पसारा होत नाही, माणूस दवाखान्यात पोचतो. पण आधी मागे जाऊ. चांगलं हजार वर्षं मागे.

१९३६ साली स्वीडनच्या गॉटलंड बेटावर एक शेतकरी नांगरट करत होता. जमीन म्हणजे पाणी काढून कोरडी केलेली दलदल, नाव मेस्टरम्यूर. नांगर कशाला तरी अडला. खणून बघितलं तर ओकच्या लाकडाची पेटी! लांबी जेमतेम ९० सेंटिमीटर, तिला कुलूप आणि भोवती साखळी. आत आणि आजूबाजूला मिळून २०० च्या वर वस्तू निघाल्या. कुऱ्हाडी, करवती, कानशी, हातोडे, सांडशी, भोकं पाडायची गिरमिटं. व्हायकिंग काळातल्या एका कारागिराचा अख्खा संसार होता तो, आणि तो कारागीर सुतारही होता आणि लोहारही. आज ही पेटी स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहे.

आता या पेटीकडे एक डिझाइन म्हणून बघा. ती कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? ‘हत्यार माझ्याबरोबर कसं येईल?’ या प्रश्नाचं. कारागीर फिरता, हत्यारं स्वतःची आणि लोखंड महाग. त्यामुळे सगळं एका जागी, कुलपात आणि उचलून नेता येईल असं. आत काय कुठे आहे याचा फारसा विचार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये :)

पुढची आठशे वर्षं सुताराची पेटी मोठी होत गेली, पण मूळ प्रश्न तोच राहिला. इंग्लंडमध्ये १७९६ च्या डिसेंबरमध्ये जोसेफ सीटन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलासाठी, बेंजामिनसाठी, लंडनच्या एका दुकानातून हत्यारांचा पूर्ण संच विकत घेतला. बेंजामिनने १७९७ मध्ये त्यासाठी स्वतः एक सुंदर पेटी बनवली, आत सरकते कप्पे वगैरे करून. आणि मग बसून प्रत्येक हत्याराची किमतीसकट यादी लिहिली. गंमत म्हणजे ती हत्यारं त्याने फारशी वापरलीच नाहीत, म्हणून पेटी, हत्यारं आणि यादी असं सगळंच आज केंट परगण्यातल्या रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात जवळजवळ जसंच्या तसं आहे.

मला त्या पेटीपेक्षा ती यादी जास्त महत्त्वाची वाटते. कारण आता दुसरा प्रश्न आला, ‘माझ्याकडे काय काय आहे?’ पेटी बंद असली तरी यादी वाचता येते. पण यादीची अडचण आपल्याला चांगलीच माहीत आहे. एखादी पटाशी शेजारी घेऊन गेला तर पेटीतून पटाशी जाते, यादीतून जात नाही.

पेटीच्या कलेचं टोक गाठलं ते अमेरिकेतल्या हेन्री स्टडली या माणसाने (१८३८–१९२५). हा अमेरिकन यादवी युद्धात लढलेला सैनिक, नंतर मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावच्या पियानो कारखान्यात कारागीर. त्याने भिंतीवर टांगायचं एक कपाट बनवलं. बंद केलं तर साधारण २० इंच रुंद, ४० इंच उंच आणि ९-१० इंच खोल. म्हणजे मोठी सूटकेसच. आणि त्यात हत्यारं किती? सुमारे ३००! महॉगनी, शिसवी, हस्तिदंत, शिंपला असलं काय काय वापरून प्रत्येक हत्याराला त्याच्याच आकाराचा कोनाडा. एक थर बिजागरीवर उचलला की मागे दुसरा थर. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये हे कपाट काही वर्षं ठेवलं होतं. इंटरनेटवर फोटो जरूर शोधा, तोंडात बोट जातं.

पण इंजिनियरच्या नजरेने बघितलं की एक शंका येते. या कपाटात ३०१ वं हत्यार कुठे जाणार? कुठेच नाही. प्रत्येक जागा एकाच वस्तूसाठी कोरलेली. हत्यार बदललं तर कोनाडा फुकट. आमच्याकडे कोडमध्ये आकडे असे ठोकून बसवले तर रिव्ह्यूमध्ये शिव्या बसतात. स्टडलीला मात्र त्याने फरक पडला नसणार, कारण त्याचा धंदा स्थिर होता आणि हत्यारं ठरलेली. आपल्यासाठी ते कपाट म्हणजे एका संपलेल्या काळाचा ताजमहाल.

तो काळ संपला, कारण हत्यारं घरी आली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरांचा पूर आला. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये १९४७ ते १९५१ या काळात १७,००० च्या वर घरं उभी राहिली. घर आलं की दुरुस्ती आली आणि गॅरेज आलं की भिंत आली. स्वतःच्या हाताने काम करायच्या वेडाने असा जोर धरला की ऑगस्ट १९५४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यावर मुखपृष्ठ केलं. या माणसाला हत्यारं घेऊन कुठे जायचंच नव्हतं. मग पेटी कशाला? भिंतीवर लावा ना!

भिंतीसाठी मालही तयार होता. विल्यम मेसन नावाच्या संशोधकाने १९२४ मध्ये लाकडाच्या चिपा वाफेच्या दाबाने फोडून, दाबून कडक बोर्ड बनवला होता, तोच मेसोनाइट. अशा बोर्डाला रांगेत भोकं पाडली की झाला पेगबोर्ड. हूक कुठल्याही भोकात घाला, पाहिजे तेव्हा हलवा. स्टडलीच्या कपाटाला न जमलेली गोष्ट या स्वस्त बोर्डाला जमली. ३०१ वं हत्यार आलं? या, बसा!

पेगबोर्डाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण मात्र वर्कशॉपमधलं नाही, स्वयंपाकघरातलं आहे. अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड १९६१ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या घरात राहायला गेल्या. तिथे त्यांचे यजमान पॉल यांनी भिंतीला पेगबोर्ड लावले आणि प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा बोर्डावर काढून ठेवली. ते स्वयंपाकघर ज्युलियाबाईंनी २००१ मध्ये स्मिथसोनियनला दिलं.

ती बाह्यरेषा ही माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशार कल्पना. कोणाची मूळची ते सोडा, पण विचार बघा. पेटी सांगते ‘सगळं आत आहे’. यादी सांगते ‘हे असायला हवं’. बाह्यरेषा सांगते ‘हे आत्ता इथे नाही’. न उघडता, न वाचता, दारातून नुसती नजर टाकून. विमानांच्या देखभालीत आजही हत्यारं अशीच आकार कापलेल्या पट्ट्यांत ठेवतात. तिथे रिकामा आकार दिसला तर शोधाशोध होते, कारण विसरलेला पाना इंजिनात राहिला असला तर काय, हे सांगायला नको.

म्हणजे इथवर तीन प्रश्न झाले. कसं न्यायचं, काय काय आहे, आणि काय नाहीये. आता नेलगनकडे या.

हवेवर चालणारी नेलगन अमेरिकेच्या बाजारात आली १९५० मध्ये, त्याच घरबांधणीच्या लाटेत. जमिनीच्या फळ्या ठोकायला. माणूस उभ्या उभ्या मिनिटाला ४० ते ६० खिळे मारू शकायचा. आतली रचना सोपी आहे. कॉम्प्रेसरमधून नळीने हवा येते आणि बंदुकीच्या पोटात साठते. टोक लाकडावर दाबून चाप ओढला की ती हवा दट्ट्याला खाली ढकलते आणि दट्ट्याची पट्टी खिळ्याला. लाकडात खिळा जायला लागतो क्षणाचा एक तुकडा.

ही भिंतीवर टांगायला गेलात की पहिल्यांदा वजन आडवं येतं. घराचा सांगाडा ठोकायची मोठी नेलगन साडेतीन किलोच्या घरात. पेगबोर्डाचा हूक तिथे माना टाकतो. म्हणून लोक ४५ अंशात कापलेली लाकडी पट्टी भिंतीच्या उभ्या लाकडांना स्क्रूने बसवतात आणि तिच्यावर उलटी पट्टी असलेलं फडताळ अडकवतात. जितकं वजन जास्त, तितकं ते भिंतीला घट्ट बसतं. दुसरी अडचण म्हणजे नेलगन ही एकटी वस्तूच नाही. तिचे खिळे आले, तेही पट्टीत चिकटवलेले, प्रत्येक जातीचे वेगळे. १५, १६, १८, २३ गेज (आकडा मोठा तितका खिळा बारीक), कुठली पट्टी २१ अंशाची तर कुठली ३० ची. एकीची पट्टी दुसरीत जात नाही. शिवाय तेलाची बाटली, नळी, गॉगल. म्हणून शहाणे लोक ‘सगळ्या बंदुका इथे आणि सगळे खिळे तिथे’ असं करत नाहीत. प्रत्येक नेलगनच्या खालच्याच कप्प्यात तिचे खिळे ठेवतात.

पण हे सगळं अजून जुन्याच प्रश्नांत बसतं. नवा प्रश्न पुढे आहे. पटाशी भिंतीवर असो की टेबलावर, ती पटाशीच असते. रंधा, गुण्या, हातोडा, सगळ्यांचं तेच. प्रोग्रॅमरच्या भाषेत त्यांना ‘स्टेट’ नाही. विजेच्या ड्रिलचा निदान प्लग काढला की विषय संपतो. नेलगनला मात्र अवस्था असते आणि ती बाहेरून दिसत नाही. पोटात हवा आहे का? पट्टीत खिळे आहेत का? चाप कुठल्या प्रकारचा लावलाय? दोन नेलगन शेजारी शेजारी अगदी सारख्या दिसतील, एक लोखंडाचा निरुपद्रवी ठोकळा असेल आणि दुसरी भरलेली बंदूक.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याच्या आकड्यांनुसार २००१ ते २००५ या काळात नेलगनच्या जखमा घेऊन वर्षाला सरासरी ३७,००० लोक इमर्जन्सीत गेले. त्यातले दहापैकी चार जण धंद्याने सुतार नव्हते, घरी काम करणारे होते. या घरगुती जखमींचा आकडा १९९१ मध्ये सुमारे ४,२०० होता, २००५ मध्ये तो सुमारे १४,८०० झाला. जखमा बहुतेक हाताला आणि बोटांना. नेलगन स्वस्त झाली, कॉम्प्रेसर छोटा झाला आणि दोन्ही गॅरेजमध्ये येऊन बसले.

यावर जे साधं उत्तर निघालं ते मला फार आवडतं. नळी जोडायला दोन तुकडे असतात. झडप असलेला कपलर, आणि आरपार पोकळ असलेलं निपल. नियम असा की निपल बंदुकीला आणि कपलर नळीला. का? दोन्ही सुटे केले की झडप नळीचं तोंड बंद करते, आणि बंदुकीचं तोंड उघडंच राहिल्याने आतली हवा फुस्स करून निघून जाते. उलटं लावलं तर नळी सुटली तरी हवा बंदुकीच्या पोटात अडकून राहते, म्हणजे एक खिळा अजून उडू शकतो. बोटाएवढ्या पितळी तुकड्याची दिशा, पण ‘नळी काढली’ आणि ‘बंदूक मेली’ ही दोन वाक्यं एकच आहेत की नाहीत ते त्यावर ठरतं.

म्हणून नेलगनसाठी चांगलं फडताळ कुठलं, याचं माझं उत्तर असं. ज्यावर नळी जोडलेली नेलगन बसूच शकत नाही ते. मागे भिंत इतकी जवळ ठेवा की कपलरला जागाच उरू नये. टोक खाचेत खाली आणि खिळ्यांची पट्टी समोरून दिसेल अशी. खिळे खालच्या कप्प्यात, बंदुकीत नाहीत. मग फडताळावरची नेलगन म्हणजे मेलेलीच नेलगन. पॉल चाइल्डची रेषा सांगायची ‘इथे नाही’. हे फडताळ सांगतं ‘इथे आहे, आणि सुरक्षित आहे’.

दरम्यान इतिहासाने एक वळसा घेतला. १९८६ मध्ये पासलोड कंपनीने गॅसच्या नळकांड्यावर चालणारी, नळी नसलेली नेलगन आणली आणि पुढे बॅटरीवरच्याही आल्या. हत्यार पुन्हा फिरतं झालं. १९९३ मध्ये जर्मनीत सिस्टेनर आले, एकावर एक अडकणारे डबे. म्हणजे आपण परत त्या व्हायकिंगच्या पेटीशी आलो! फक्त आता एका हत्याराला एक पेटी. पण बंद पेटीत अवस्था दिसत नाही, हे विसरायचं नाही. बॅटरी काढूनच आत ठेवावी.

आणि हे सगळं लांबचं समजू नका. पुण्या-मुंबईत फर्निचरचं काम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये डोकावलात तर छोटा कॉम्प्रेसर फटफटताना दिसेल आणि जमिनीवर भुशात एफ-३० जातीची नेलगन पडलेली. बऱ्याचदा नळीसकट. तिथे फडताळ कुठून आणणार? पण निपल-कपलर तिथेही तेच आहे आणि नळी काढायला दोन सेकंद लागतात. घरात काम चालू असेल आणि लहान मूल फिरत असेल तर जेवणाच्या सुट्टीत सुतारकाकांना तेवढं एक सांगून बघा.

‘वस्तू जागच्या जागी ठेव’ हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलंय. नेलगनच्या बाबतीत जागेबरोबर अवस्थाही तपासा, एवढंच.